ती की त्या

पंचवीसेक वर्षं मी परक्या बायकांच्या तोंडात मराठी घालते आहे. डबिंग हा माझा धंदा. कार्टूनमधल्या चेटकिणी, दाक्षिणात्य सिनेमांतल्या खाष्ट सासवा, साबणाच्या जाहिरातीतल्या हसऱ्या आया, सगळ्या करून झाल्या. पडद्यावरच्या बाईचे ओठ जेवढा वेळ हलतात तेवढ्यात आपलं वाक्य बसवायचं. ती हुंदका देते तिथे हुंदका, ती खोकते तिथे खोकला. माझा चेहरा कोणाला माहीत नाही आणि त्याचं मला कधी वाईटही वाटलेलं नाही. चारकोपच्या मासळी बाजारात मी हवी तेवढी घासाघीस करू शकते.

गेल्या वर्षी मरोळच्या स्टुडिओतून फोन आला. स्टुडिओ म्हणजे इंडस्ट्रियल इस्टेटमधला दुसऱ्या मजल्यावरचा एक गाळा. खालच्या गाळ्यात प्लास्टिकची झाकणं बनतात. त्यांचं मोठं मशीन सुरू झालं की जमिनीतून घरघर वर येते आणि आम्ही टेक थांबवतो. तिथला डायरेक्टर माझ्याहून बराच लहान. मला ताई म्हणतो आणि अगं-तूगं करतो.

"ताई, या वेळी चेटकीण नाही गं," तो म्हणाला. "डॉक्युमेंटरी आहे. अमेरिकेतली, मिसिसिपीची. काळ्या लोकांनी मताचा हक्क कसा मिळवला त्याच्यावर. एक म्हातारी आहे, नव्वदीच्या पुढची. अर्धी फिल्म तीच बोलते. तुझ्याशिवाय कोण करणार?"

मला आनंद झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा खऱ्या बाईचा आवाज व्हायचं होतं. मूळ इंग्रजी फिल्म त्याने पाठवली ती मी घरी दोनदा बघितली.

ती बाई आपल्या लाकडी घराच्या ओट्यावर खुर्चीत बसून बोलते. केस पांढरेशुभ्र, अंगात फुलांचा फ्रॉक, पायांत पुरुषी चपला. तिने आयुष्यभर एका गोऱ्या कुटुंबाकडे स्वयंपाक केला. त्या घरातली मुलं तिने भरवली, धुतली, झोपवली, आणि ती बोलायला लागली तशी तिला नावाने हाक मारायला लागली. नुसतं नाव. तिने मात्र त्याच मुलांना 'मिस्टर' आणि 'मिस' म्हणायचं, ती पाच वर्षांची असली तरी. तिच्या नवऱ्याला तो साठीचा होईपर्यंत लोक 'बॉय' म्हणत. साठच्या दशकात ती मतदार म्हणून नाव नोंदवायला कोर्टाच्या इमारतीत गेली. तिथल्या क्लार्कने तिला राज्याच्या घटनेतलं एक कलम वाचायला लावलं आणि म्हणाला, आता याचा अर्थ सांग. तिने सांगितला. तो म्हणाला, चूक. काय चुकलं ते सांगितलं नाही. घरी येईपर्यंत तिची नोकरी गेलेली होती. मग ती संध्याकाळी चर्चमध्ये बायकांना तीच कलमं शिकवू लागली. रस्त्यावरून गाडी मंद झाली की सगळ्याजणी दिवा विझवून जमिनीवर पडायच्या. त्यांच्यातल्या एकीच्या घरावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या.

पुढे वॉशिंग्टनमध्ये कायदा झाला. आता क्लार्कला नाव घालणं भाग होतं. ती परत गेली. त्याने तिला नेहमीप्रमाणे नावाने पुकारलं. तेव्हा ती म्हणाली, मिसेस म्हणा, आणि पुढे नवऱ्याचं आडनाव. तो हसला. ती काउंटरला उभीच राहिली. ऑफिस बंद झालं, ती घरी गेली, सकाळी परत येऊन उभी राहिली. शेवटी त्याने कार्ड काउंटरवरून पुढे सरकवलं आणि तोंड फिरवलं. त्या दिवसापासून तो तिच्याशी कधी बोललाच नाही. तिचं नाव मानाने घ्यायला लागू नये म्हणून. एवढं सांगून म्हातारी हसते. त्या हसण्यात गंमत फार थोडी आहे. माझ्या दृष्टीने फिल्म तिथे होती.

रेकॉर्डिंगच्या पहिल्या दिवशी मी मेट्रोने मरोळला पोचले. चहा झाला. डायरेक्टर म्हणाला, "निवेदन आधीच झालंय. तू एकदा ऐकून घे, म्हणजे सूर जुळेल." निवेदन एका नावाजलेल्या पुरुष आवाजात होतं. भारदस्त, स्वच्छ आवाज. हेडफोन लावून मी ऐकायला लागले.

"ती एका गोऱ्या कुटुंबात स्वयंपाकीण होती."

ठीक.

"त्या दिवशी ती रांगेत उभी होती. शेरीफ आले. त्यांनी तिला विचारलं..."

मी थांबवलं. मागे घेऊन परत ऐकलं. शेरीफ आले. त्यांनी तिला. पुढे ऐकलं तर सगळीकडे तेच. क्लार्क म्हणाले. न्यायाधीशांनी नकार दिला. गव्हर्नरसाहेबांनी भाषण केलं. आणि ती गेली, ती बसली, ती रडली, तिचा नवरा म्हणाला. ज्यांनी या बाईला अडवलं ते सगळे 'ते', आणि नव्वदीची बाई 'ती'.

मग मी माझी पानं उलटली. काउंटरच्या प्रसंगात 'मिसेस'वालं वाक्यच नव्हतं. त्या जागी लिहिलं होतं, 'माझ्याशी नीट बोला.'

"अरे, हे काय आहे?" मी डायरेक्टरला विचारलं.

"काय झालं?"

मी त्याला दाखवलं. त्याने वाचलं, डोकं खाजवलं. "मिसेस मराठीत कसं घेणार? श्रीमती म्हटलं तर पत्रिकेतल्यासारखं वाटतं. बाई म्हटलं तर लोकांना वाटेल कामवाली बाई."

"किंवा शाळेतल्या बाई."

"तेच ना. कन्फ्यूजन. म्हणून लेखकाने नीट बोला केलंय. भावना पोचते."

"नाही पोचत. नीट बोला म्हणजे ओरडू नका. तो ओरडतच नव्हता. तो तिला नावाने हाक मारत होता. आणि वर आपला निवेदक तिला ती ती करतोय. अख्ख्या फिल्ममध्ये ती बाई मागतेय काय, की मला अहो म्हणा. आणि आपणच तिला अगं म्हणतोय."

डायरेक्टर हुशार आहे, त्याला कळलं. कळल्यावर त्याने घड्याळ बघितलं, तेही मी बघितलं. "ताई, आज तुझा पार्ट करून घेऊ. निवेदनाचं मी बघतो."

गैरसमज नको. मला 'तू'चं वावडं नाही. मुंबईत वाढलेली मी, रिक्षावाल्यापासून प्रोड्यूसरपर्यंत सगळ्यांशी तू-तुझं चालतं. डायरेक्टर मला तू म्हणतो, मी त्याला तू म्हणते, दोघांनाही बरं वाटतं. पण एकाने तू म्हणायचं आणि दुसऱ्याने अहो-जाहो करायचं, आणि वय उलटं असलं तरी ते बदलायचं नाही, ही गोष्ट वेगळी.

दुपारी मी लेखकाला फोन लावला. मुलुंडला राहणारा चांगला मुलगा, मराठी उत्तम. त्याला सगळं सांगितलं.

"ताई, खरं सांगतो, मी मुद्दाम नाही केलं," तो म्हणाला. "इंग्रजीत सगळ्यांना 'ही' आणि 'शी'. मराठीत करताना तसंच आलं हाताला."

"शेरीफला 'ते' आलं आणि हिला 'ती' आलं."

"हो. शेरीफ म्हणजे अधिकारी ना. आपण पोलीस इन्स्पेक्टर आले असंच म्हणतो."

"आणि स्वयंपाकीण आली."

"हो," तो म्हणाला. "बदलून देतो मी. पण निवेदन झालंय ना?"

त्या प्रामाणिक उत्तरानेच माझं डोकं फिरलं. कोणी दुष्टपणा केला असता तर भांडता आलं असतं. इथे कोणी काहीच केलेलं नव्हतं. आपोआप आलं होतं.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आई कोळंबी सोलत बसली होती. आम्ही दोघीच राहतो, चारकोपच्या सेक्टरमधल्या बैठ्या घरात. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर परळ सोडून इकडे आलो तेव्हा हे घर होतं आणि बाकी काही नव्हतं. मग आईने बोरिवलीच्या एका शाळेत शिपाई म्हणून नोकरी धरली. घंटा वाजवायची, वर्ग झाडायचे, बाईंना चहा नेऊन द्यायचा. रिटायर होईपर्यंत तिथेच होती. आता ऐंशीला आली आहे, कान तिखट आहेत.

"काय झाला गो? तोंड कित्याक पाडलंस?" तिने विचारलं. घरात ती मालवणीच बोलते.

मी सांगायला सुरुवात केली आणि बोलता बोलता माझाच पारा चढला. म्हातारीचं काउंटरला उभं राहणं, शेरीफ आले, ती आली, सगळं सांगितलं. आई हात न थांबवता ऐकत होती.

"मग काय झाला त्या बायेचा? म्हणालो तो अहो?"

"नाही. मरेपर्यंत बोलला नाही."

"बरा झाला," आई म्हणाली. "माज्यावांगडा बोलत होते."

तिच्याबरोबर कोण बोलत होतं ते मला कळलं नाही. मग तिने सांगितलं, कोळंबीकडे बघतच. शाळेत मुलं तिला मावशी म्हणायची, त्याचं काही नव्हतं. पण बाई लोक, अगदी कालपरवा कॉलेजातून आलेल्या, तिला नुसत्या नावाने हाक मारायच्या. अगं इकडे ये, अगं फडका मार. तेव्हा आई पन्नाशीची होती. एकदा तिने हेडबाईंच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं.

"मी म्हटलंय, बाय, तुमी माका नावान हाक मारतास. माजा वय बघा. मावशी म्हणा, नायतर अहो म्हणा."

"मग?"

"हेडबायन सगळ्यांका सांगल्यान. चांगली होती ती. पण दुसऱ्या दिवसापासून सुरू झाला. अहो बाईसाहेब, जरा पाणी आणता का? अहो मॅडम, संडास धुतलात का? आनि हसायचं. सगळ्यांनी."

नक्कल करताना ती शुद्ध मराठीत बोलली. त्या बायकांच्या आवाजात. मी धंद्याने नकला करते, पण तशी नक्कल मी कधी ऐकली नव्हती.

"किती दिवस चाललं?"

"दिवस खयचे? वरसा. मग मीच जावन सांगलंय, नावानच हाक मारा." तिने कोळंबीचं पातेलं उचललं आणि नळाखाली धरलं. "माका अहो म्हणू नुकात."

एवढ्या वर्षांत तिने हे कधी सांगितलं नव्हतं आणि आताही माझ्या म्हातारीच्या गोष्टीमुळे सहज निघालं म्हणून सांगितलं. त्या रात्री जेवताना तिने विषय परत काढू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी मी मरोळला गेले ती तावातावाने. डायरेक्टरला बाजूला घेऊन आईची गोष्ट सांगितली, अक्षर न अक्षर. म्हटलं, तुला समजावं म्हणून सांगतेय, हे तिकडे मिसिसिपीत घडलं आणि इकडे बोरिवलीत. निवेदन बदल. म्हातारीला 'त्या' कर.

त्याचे डोळे भरून आले. खरंच आले. "कसली जबरदस्त गोष्ट आहे यार ही," तो म्हणाला. "मी आजच चॅनेलशी बोलतो."

तो बोलला. दोन दिवसांनी चॅनेलकडून उत्तर आलं. तिकडे मराठी तपासणारी व्यक्ती मराठी नव्हती. भाषा येते म्हणून ठेवलेली. तिचं म्हणणं डायरेक्टरने मला जसंच्या तसं ऐकवलं. "औरत तो एक ही है ना? 'त्या' तो प्लूरल है. लोग समझेंगे बहुत सारी औरतें हैं."

मी हसले. मग माझ्या लक्षात आलं की तो हसत नाहीये.

"अरे, तू सांगितलंस ना, मराठीत मानाने बोलताना असंच म्हणतात?"

"सांगितलं. ते म्हणाले, मग शेरीफ का 'ते' क्यों है, वो भी तो एक ही है. मी म्हटलं, तो मानासाठी. ते म्हणाले, ठीक है, वो रहने दो, उसमें कन्फ्यूजन नहीं है."

"शेरीफच्या मानात कन्फ्यूजन नाही."

"ताई, प्लीज."

"बरं, तिला वर नको नेऊस. मग त्यांना खाली आण. शेरीफ आला. क्लार्क म्हणाला. गव्हर्नर बरळला. सगळे तो आणि ती. तेवढं तरी कर."

हे त्याला पटलं. उत्साहाने त्याने निवेदकाला फोन लावला. निवेदक दुसऱ्या एका मोठ्या मालिकेत अडकलेला. पुढचे कित्येक दिवस त्याच्या तारखा नाहीत. आणि अर्ध्याहून जास्त फिल्म परत वाचायची, तीही एकेका अक्षरासाठी? त्याने नम्रपणे नकार दिला. डायरेक्टरला तो म्हणाला, "साहेब, मराठी प्रेक्षकाला असंच ऐकायची सवय आहे. कोणाला खटकणार नाही."

तो खरं बोलत होता, म्हणून तर मी चिडले.

आठवड्याने डायरेक्टरचा वेगळ्याच स्वरात फोन आला. तुझ्या आईची गोष्ट मी चॅनेलला सांगितली, ते वेडे झालेत, त्यांना प्रमोशनसाठी आईंचा एक छोटा व्हिडिओ हवाय. मिसिसिपीची आजी आणि मुंबईची आजी. झकास होईल.

गोष्ट मी त्याला दिली होती ती निवेदन बदलण्यासाठी. पण मग वाटलं, निदान हे तरी लोकांपुढे येईल. आईला विचारताना मला खात्री होती ती नाही म्हणणार. ती म्हणाली, "तुज्या कामाच्या जागी? येतंय. माका बघूचा असा, तू खय बोलतंस ता."

हिरवी इरकल नेसून, केसांत अबोलीचा गजरा माळून ती माझ्याबरोबर रिक्षाने मरोळला आली. वाटेत मेट्रोचे खांब मोजत होती. गाळ्यात शिरल्यावर तिने माईक बघितला, काचेपलीकडची मशिनं बघितली, हेडफोन लावून माझा एक टेक ऐकला आणि म्हणाली, "ह्या तू? तुजो आवाज तर म्हातारेचो."

चॅनेलची एक मुलगी दिवे आणि कॅमेरा लावून तयार होती. गोड मुलगी. आईचा गाल धरला तिने. "अगं आजी, किती क्यूट आहेस तू! ए आजी, इकडे बघ ना. पदर असा घे. हां, छान. आता सांग, शाळेत काय झालं होतं?"

मी मधे बोलणार होते. डायरेक्टरने माझ्याकडे बघितलं, त्यालाही ते ऐकू आलं होतं. त्याने मुलीला हळूच सांगितलं, "आईंना अहो म्हण." ती चटकन म्हणाली, "अय्या, सॉरी! पण आजीला तूच म्हणतात ना? प्रेमाने."

आईने काहीच मनाला लावून घेतलं नाही. मुलगी नातीच्या वयाची. आजीला तू म्हणतात, खरंच आहे ते. आईने थोडक्यात गोष्ट सांगितली. मुलगी "सो सॅड" म्हणाली. मग म्हणाली, "आता शेवटचं, आजी. कॅमेऱ्यात बघून जोरात म्हण, मला पण अहो म्हणा! असं हात वर करून. बस, तेवढंच. ते व्हायरल जाईल."

आईने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दुकानदाराने दुसऱ्यांदा तोच माल दाखवावा तशी ती जरा कंटाळलेली दिसली.

"ता मी एकदा बोललंय," ती म्हणाली. "परत बोलूचंय नाय."

मुलीने खूप आर्जवं केली. आई उठली, पदर सारखा केला आणि मला म्हणाली, चल, माका भूक लागली. व्हिडिओ शेवटाशिवाय कामाचा नव्हता, त्यामुळे तो कुठेच आला नाही. खाली उतरल्यावर इस्टेटच्या कँटीनमध्ये आम्ही मिसळ खाल्ली. मी तिची माफी मागायला लागले तर म्हणाली, "गप बस. पाव थंड होतलो."

उरलेलं माझं रेकॉर्डिंग त्यानंतर होतं. काउंटरचा प्रसंग मी मुद्दाम शेवटी ठेवायला सांगितला होता. त्या दिवशी मी हट्टाने बसले. म्हटलं, माझं वाक्य तरी माझ्या हातात आहे. डायरेक्टर थकला होता, पण त्याने वेळ दिला. 'श्रीमती' बोलून बघितलं, सरकारी नोटीस वाटली. 'बाई' बोलून बघितलं. 'मिसेस' तसंच ठेवून बघितलं, तेव्हा ती कॉलनीतल्या किटी पार्टीला निघाल्यासारखी वाटली. खालचं मशीन सुरू झालं, थांबलो, बंद झालं, परत सुरू केलं. शेवटी मी म्हटलं, "मला नावाने हाक मारू नका. अहो म्हणा." ओठांवर बरोबर बसलं. मिसिसिपीतल्या क्लार्कला कोणी अहो म्हणायला सांगितलं नसणार हे मला कळतं. पण चारकोपात ऐकणाऱ्याला ती बाई काय मागते आहे ते त्याच क्षणी कळेल, याचीही मला खात्री होती. डायरेक्टर काचेमागून म्हणाला, "ओके आहे. हे मी पास करून घेतो. शब्द देतो." आणि त्याने तो पाळला.

अजून एक केलं. स्क्रिप्टमध्ये म्हातारीच्या स्वतःच्या तोंडी होतं, 'साहेब म्हणाले, अर्थ सांग.' मूळ इंग्रजीत ती साधं 'ही' म्हणते. साहेब नाही, काही नाही. मी मूळ वाक्य पुन्हा पुन्हा ऐकून खात्री केली. मग टेक देताना म्हटलं, "तो म्हणाला, अर्थ सांग." पुढेही जिथे जिथे साहेब होते तिथे तो. डायरेक्टर ऐकत होता. त्याने पुढचं वाक्य लावलं. चॅनेलच्या तपासणीतही कोणाला कळलं नाही, कारण तो एकच असतो आणि त्यात कन्फ्यूजन नाही.

फिल्म आली. लोकांनी बरं म्हटलं. निवेदनाचा भारदस्तपणा आणि म्हातारीचा आवाज, दोन्हीचं कौतुक झालं. मी ती पूर्ण बघितली. म्हातारी म्हणते, तो मला हसला. लगेच निवेदक म्हणतो, क्लार्कनी तिला परत पाठवलं. ती म्हणते, अहो म्हणा. निवेदक म्हणतो, ती निघून गेली. एकाच फिल्ममध्ये माझं आणि त्याचं भांडण चालू असल्यासारखं वाटतं, आणि दर वेळी शेवटचा शब्द त्याचा. मी कोणाला विचारलं तर कोणाच्याच ते लक्षात आलेलं नसतं. माझ्या एका मैत्रिणीला मी समजावून सांगितलं तर म्हणाली, "अगं, पण फिल्म किती चांगली आहे, ते बघ ना." चांगली आहेच. मी काय नाही म्हणते?

आईने ती बघितली नाही. म्हणाली, बघलंय मी ती बाय, तुज्या मोबाइलात. मोठी खमकी.

आता नव्या कामाच्या वेळी मुलुंडचा लेखक मला आधी व्हॉइस मेसेज पाठवतो. "ताई, एक मच्छीवाली आहे, साठीची. ती की त्या?" "ताई, हॉस्पिटलमधली आया आहे. त्या करू?" मी सांगते, कर. तो करतो, मग चॅनेलकडून लाल खुणा येतात, मग आम्ही तिघे भांडतो, कधी दोन ठिकाणी राहतं, कधी कुठेच नाही. गेल्या आठवड्यात त्याने एका कामवालीबद्दल विचारलं. मी म्हटलं, "तू नेहमी यांच्याबद्दलच विचारतोस. त्याच फिल्ममधल्या कलेक्टरबद्दल नाही विचारलंस."

"कलेक्टरचं काय विचारायचं?" तो म्हणाला. "ते तर 'ते'च ना."